झाकणे सरांची संगणक खोली

झाकणे हे सरांचं आडनाव नव्हे. पोरांनी ठेवलेलं ते नाव, पण इतकं चपखल बसलेलं की नव्याने आलेला शिपाई ते खरं आडनाव समजून चालला. एकदा भर तासाला दारातून डोकं घालून तो म्हणाला, "झाकणे सर, मुख्याध्यापकांनी बोलावलंय." वर्गात हशा पिकला. सर रागाने लालबुंद झाले, पण निघताना पहिल्या रांगेतल्या संगणकावरचं कापड आठवणीने सारखं करून गेले. म्हणजे शिपायाची चूक ती काय? माणूस आपल्या वागण्यानेच आडनाव कमावत असेल तर शिपायाने काय करावं?

शाळेत संगणक आले तेव्हा सर हस्तकला शिकवत. घोटीव कागदाच्या टोपल्या आणि शिंपल्यांची बदकं. नवे संगणक कुणाच्या गळ्यात घालायचे यावर बैठक झाली, गणिताच्या बाईंनी हात झटकले, विज्ञानाच्या सरांनी कंबरदुखी पुढे केली, आणि ज्याचं कपाट सगळ्यांत टापटीप असतं त्याच्याकडे खोली द्यावी असं ठरलं. सरांना प्रशिक्षणाला पाठवलं. पहिल्या दिवशी धुळीपासून संगणकाचं रक्षण कसं करावं यावर व्याख्यान झालं. ते सरांनी जिवाचा कान करून ऐकलं. उरलेले दिवस ते मेव्हणीच्या लग्नात होते. अशा रीतीने माहिती तंत्रज्ञान या विषयात सरांना जेवढी गती मिळायची होती तेवढी पहिल्या दिवशीच मिळाली, आणि त्या भांडवलावर त्यांनी पुढची सगळी नोकरी काढली.

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बायकोला कापड आणून देण्याचं. सरांची बायको घरी शिवणकाम करायची. लोकांचे कपडे बाजूला ठेवून तिने निळ्या कापडाची, पांढऱ्या किनारीची झाकणं शिवली. पडद्याला एक, कीबोर्डला एक आणि माउसला नाडी ओढून बंद होणारी इवलीशी पिशवी. शिवता शिवता ती एवढंच म्हणाली, "अहो, माझं मशीन असं झाकून ठेवलं असतं तर आपण काय खाल्लं असतं?" सर हसले. तंत्रज्ञान आणि शिवणकाम यांतला फरक बायकोला कुठून कळणार, असं ते हसू होतं.

मग खोलीच्या भिंतीवर नियमांचा फलक आला. तो सरांनी स्वतःच्या हाताने रंगवला, वळणदार अक्षरात. बूट बाहेर काढावेत. हात साबणाने धुवावेत. ओल्या हातांनी आत येऊ नये. त्यामुळे पोरं दारापाशी हात वर धरून, वाळेपर्यंत, शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरांसारखी उभी राहायची. आत आल्यावर टाळी व्हायची. एक टाळी, झाकण काढा, घडी घाला, मांडीवर ठेवा. पुन्हा टाळी, बटण दाबा, हात मागे घ्या. संगणक जागा होईपर्यंत सर धुळीबद्दल बोलत, खाऊच्या कणांबद्दल बोलत, डोक्याच्या तेलाबद्दल तर फारच बोलत. तेवढ्यात तास संपत आलेला असायचा. मग शेवटची टाळी. हातातलं असेल ते सोडा, संगणक बंद करा, झाकण घाला. कुणी विचारलं, "सर, पुढे काय करायचं?" तर ठरलेलं उत्तर मिळे, "पुढचं पुढच्या तासाला." त्या खोलीत पुढचा तास कधी उजाडला नाही.

फलकावरचा शेवटचा नियम तांबड्या रंगात होता, खाली जाड रेघ: संगणकाने काही विचारल्यास 'नाही' दाबावे.

या नियमामागे इतिहास होता. सुरुवातीच्या दिवसांत एका संगणकाने सरांना पडद्यावर काहीतरी विचारलं. सरांनी प्रश्न न वाचता 'हो' दाबलं. त्या यंत्राने मग अशी काही समाधी लावली की दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलं. तो स्क्रू काढता काढता खी खी हसत म्हणाला, "सर, हो म्हणण्याआधी वाचायचं असतं हो." सरांनी त्यातून धडा घेतला, पण वाचण्याचा नाही, हो न म्हणण्याचा. एवढ्या शिकलेल्या माणसाने इतका उलटा धडा घ्यावा याला काही वेगळीच बुद्धी लागते, आणि ती सरांकडे भरपूर होती.

खोली मात्र देखणी होती, यात वाद नाही. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी तिथे नेत. एकाही कीबोर्डवरचं अक्षर पुसलेलं नव्हतं. एकही कळ सैल झाली नव्हती. "इतकी वर्षं झाली, पण नवे वाटतात की नाही?" असं सर विचारायचे, आणि पाहुणे माना डोलवायचे. शिक्षकांच्या खोलीत तर सर याच गोष्टीचा टेंभा मिरवायचे. गणिताच्या बाईंच्या वर्गातल्या फळ्याला तडा गेला तेव्हा ते म्हणाले, "वापरायला दिलं की असंच होतं." बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कुणी असता तर ओशाळला असता.

पोरं संगणक शिकली नाहीत असं मात्र नाही. शाळेच्या कोपऱ्यावर एक गेमवाला होता. त्याच्या दुकानात कळकट पडदे, चिकट कीबोर्ड, निम्मी अक्षरं उडालेली. पोरं तिथे आरडाओरडा करत खेळायची, आणि खेळता खेळता बाकीचंही शिकायची. गेमवाल्याची बिलं तीच टंकून द्यायची, कुणाच्या बहिणीचं अर्जाचं काम करून द्यायची. सर त्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल लावायचे. घरी येऊन म्हणायचे, "वाया गेलेली कार्टी. संगणकाची काही अदब नाही." आणि मग मुलीकडे बघून समाधानाने मान हलवायचे.

कारण सरांची मुलगी त्याच शाळेत, दहावीत होती, आणि ती कधी गेमवाल्याकडे फिरकली नव्हती. बापाने सांगितलं ते तिला पटलेलं होतं. सगळ्या शाळेत तो फलक मनापासून वाचलेली ती एकटीच. मैत्रिणी तिला "धाकटं झाकण" म्हणायच्या, तेही ती सोसायची. पोर हुशार होती. तिला तंत्रनिकेतनात संगणकाला जायचं होतं, लहानपणापासून दुसरं काही तिच्या तोंडी नव्हतं. तिथल्या प्रवेशाला एक अट होती. या विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा पहिल्या फेरीतच पास व्हायला हवी. पुरवणी परीक्षेत पास झालेल्यांना त्या वर्षी दारातही उभं करत नसत.

घरी तिच्यासाठी म्हणून घेतलेला एक संगणक होता. तोही झाकलेला, शिवाय त्याच्या झाकणाला झालर. "परीक्षा झाली की तो तुझाच," सर सांगायचे. तोवर तिने पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून घेतला होता. पुस्तक समोर उघडून ती त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवायची, कोष्टक कसं करायचं, बेरजेचं सूत्र कुठे लिहायचं, काम जतन कसं करायचं, ते सगळं मनातल्या मनात. पुठ्ठा बिचारा काही विचारत नसे.

आता प्रश्न पडेल की आजवर सरांची पोरं प्रात्यक्षिकात पास कशी झाली. त्यात काही जादू नव्हती. दर वर्षी परीक्षक म्हणून सरांचा जुना स्नेही यायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून चहा प्यायचा, संगणक खोली बघायचा, "वा, काय ठेवली आहे!" म्हणायचा आणि तिथेच बसून गुण देऊन टाकायचा. पोरं खूश, पालक खूश. सरांचा निकाल वर्षानुवर्षं पैकीच्या पैकी.

त्या वर्षी परीक्षा मंडळाने नियम बदलले. परीक्षक अनोळखी, दुसऱ्या शाळेचा. विषयाच्या शिक्षकाने परीक्षेच्या वेळी खोलीबाहेर थांबायचं. प्रत्येकाने आपलं काम आपल्या नंबराच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि ते फोल्डर तिथूनच थेट मंडळाकडे जाणार. पत्र वाचून सरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या एखाद्याने त्याच दिवशी झाकणं काढून पोरांना संगणकांवर बसवलं असतं. सरांनी सगळी झाकणं घरी आणली, बायकोकडून धुऊन घेतली आणि स्वतः इस्त्री केली.

सर इस्त्री करत असताना मुलगी जवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, परीक्षेआधी एकदा तरी खऱ्या मशीनवर करून बघू का? एकदाच."

"का? पाठ आहे ना सगळं?"

"पाठ आहे. पण हाताने कधी केलं नाहीये ना."

"ऐन परीक्षेच्या तोंडावर मशीन बिघडलं म्हणजे? मग काय करशील?" सरांनी माउसच्या पिशवीची नाडी सरळ केली. "ज्याचं पाठांतर पक्कं त्याला कसली भीती? नियम पाळ, म्हणजे झालं."

शिवणाच्या मशीनवरून बायको म्हणाली, "बसू द्या की पोरीला जरा."

"तुला त्यातलं काय कळतं?" सर म्हणाले. बायकोने पुन्हा पायडलवर पाय ठेवला. मुलगी पुठ्ठ्याकडे गेली.

परीक्षेच्या दिवशी ज्या बाई परीक्षक म्हणून आल्या त्यांनी चहाला नको म्हटलं तेव्हाच सरांना कळायला हवं होतं. बाईंनी खोली पाहिली, "छान, स्वच्छ आहे," म्हणाल्या आणि सरांना बाहेर उभं राहायला सांगितलं. दाराला काचेचा चौकोन होता. त्या चौकोनाला नाक लावून सर उभे राहिले.

आतला प्रकार बघून त्यांचा जीव कासावीस झाला. बाई काही बोलायच्या आत पोरांनी झाकणं उपसून खुर्चीखाली फेकली. कुणी बुटांसकट आत गेलं होतं. शेवटच्या रांगेतला एक जण तर उजव्या हाताने माउस चालवत डाव्या हाताने डोकं खाजवत होता, म्हणजे तेल आणि कोंडा दोन्ही. पोरं धडाधड कळा बडवत होती. सरांच्या कीबोर्डांना इतक्या वर्षांत एवढा मार बसला नसेल. पण पडदे भरत होते. सरांनी ज्यांची नावं वाया गेलेल्यांत टाकली होती ती कार्टी कोष्टकं मांडत होती, बेरजा काढत होती, आणि एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होती. याचा सरांना आनंद झाला असेल असं कुणाला वाटलं तर त्याने सर ओळखलेच नाहीत. ते चरफडत होते.

मग त्यांची नजर मुलीवर गेली आणि छाती भरून आली. मोजे घातलेले पाय जुळवलेले. झाकणाची घडी मांडीवर. पाठ ताठ. ती एकेक कळ शोधून, एका बोटाने दाबत होती. सावकाश, पण चुकत नव्हती. पुठ्ठ्यावर गिरवलेलं सगळं तिच्या बोटांतून पडद्यावर उतरत होतं. सूचनापत्र झालं. कोष्टक झालं. सूत्र लिहून तिने कळ दाबली आणि बेरीज आपोआप आली, तेव्हा तिने दचकून तोंडावर हात ठेवला. हे असं खरंच होतं, हे ती पहिल्यांदा बघत होती. परीक्षक बाई मागून जाताना थांबल्या, वाकून पाहिलं आणि कौतुकाने हसल्या.

'माझी मुलगी,' सर मनात म्हणाले. 'शिस्त म्हणतात ती ही.' पोरीने एकटीने, पुठ्ठ्यावर, बापाच्या सगळ्या अडथळ्यांना वळसा घालून जे मिळवलं होतं ते त्यांनी काचेबाहेर उभ्या उभ्या आपल्या खात्यात जमा करून टाकलं.

आता एकच गोष्ट उरली होती. काम जतन करायचं. मुलीने माउस हलवला, बाण पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे निघाला, आणि तेवढ्यात परीक्षक बाईंनी सगळ्यांचं लक्ष वेधायला टाळी वाजवली.

"चला, वेळ होत आली. आवरतं घ्या."

बाकीच्यांनी टाळी ऐकली आणि आवरतं घ्यायला लागले. मुलीने टाळी ऐकली आणि हात मागे घेतला. पहिलीपासून नसलं तरी पाचवीपासून तिच्या अंगात ती टाळी मुरली होती. शेवटची टाळी, हातातलं असेल ते सोडा, संगणक बंद करा. तिने बंद करायला घेतलं.

संगणकाने प्रश्न विचारला.

वर्गात हा प्रश्न कधी आला नव्हता. येणार कसा? जतन करण्याजोगं त्या खोलीत कधी काही झालंच नव्हतं. मुलगी थबकली. तिने प्रश्न वाचला. बापापेक्षा एवढं तरी तिने जास्त केलं. तिचं बोट घुटमळलं. मग तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे बापाच्या वळणदार अक्षरात, तांबड्या रंगात, खाली जाड रेघ मारून, उत्तर लिहिलेलं होतं.

शेजारची कार्टी त्याच प्रश्नाला 'हो' दाबताना सरांनी नुकतीच काचेतून पाहिली होती. त्यांनी काचेवर हात मारला. "अगं, नको!" ते ओरडले. पण धूळ येऊ नये म्हणून दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी त्यांनीच लावून घेतली होती. आवाज आत गेला नाही. आणि काचेकडे बघायचं नाही हाही एक नियम होता. मुलीने 'नाही' दाबलं. पडदा काळा झाला. तिने उठून झाकण घातलं, किनार सारखी केली, माउसची नाडी ओढली आणि खुर्ची आत सरकवली.

परीक्षक बाईंनी खूप शोधलं, त्यांचा जीव खरंच तुटत होता. "मी स्वतः पाहिलं होतं तिचं काम, सर," त्या म्हणाल्या. "वर्गातलं सगळ्यात नेटकं. पण फोल्डर रिकामं आहे. रिकाम्या फोल्डरला मी काय गुण देऊ?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कुणाची आहे हो ती?"

सर म्हणाले, "आहे एक मुलगी."

असं म्हणाले ते. सांगताना आजही तोंड कडू होतं.

संध्याकाळी घरी सर पाटावर ताट घेऊन बसले होते आणि घास नुसता चिवडत होते. मुलगी समोर येऊन बसली. सूचनापत्र, कोष्टक, बेरीज, सगळं तिने रंगवून सांगितलं, आणि मग जरा चाचरत विचारलं, "बंद करताना त्यानं काहीतरी विचारलं, बाबा. मी 'नाही' दाबलं. बरोबर ना?"

शिवणाचं मशीन थांबलं. बायको नवऱ्याकडे बघत होती.

"बरोबर," सर म्हणाले. "पण त्या मशीनमध्येच काहीतरी बिघाड होता. तुझं काम त्यानं खाल्लं. बाईंना सापडलं नाही."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तंत्रनिकेतन गेलं हे कळायला तिला काही सूत्र लागलं नाही. तरी थोड्या वेळाने, डोळे पुसून, ती बापालाच धीर देत म्हणाली, "जाऊ दे, बाबा. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. मशीनला आपण काय करणार?"

एवढ्यावर तरी माणसाने तोंड उघडावं. सर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शाळा भरायच्या आधी गेले. बाकावर चढून त्यांनी तांबडा नियम खरवडून काढला आणि त्या जागी नवीन लिहिला: संगणकाने काही विचारल्यास सरांना विचारावे. खाली जाड रेघ मारली. हात पुसत जरा मागे सरून बघितलं. अक्षर छान आलं होतं. झाल्या प्रकाराचा बंदोबस्त झाला असं त्यांना वाटलं.

फलक कोण वाचतंय? शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त एकीच्या आलं.

त्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती दप्तर टाकून थेट घरच्या संगणकाकडे गेली. झालरीचं झाकण तिने एका झटक्यात ओढलं. सर पेपर वाचत होते, ते अर्धवट उठले.

"अगं, हात..."

तिने वळून पाहिलं नाही. झाकण आईपुढे धरलं. "आई, हे तुला कशाला उपयोगी पडेल का?"

आईने ते हातात घेतलं, उलटं पालटं केलं. "मशीनचं तेल पुसायला होईल," ती म्हणाली आणि तिथल्या तिथे कात्रीने झालर कापून टाकली.

मुलीने बटण दाबलं. हात मांडीवर न ठेवता कीबोर्डवर ठेवले. एका बोटाने दोन ओळी लिहिल्या आणि मुद्दाम बंद करायला घेतलं. संगणकाने कालचाच प्रश्न विचारला. तिने तो पुन्हा एकदा नीट वाचला, 'हो' दाबलं आणि ते पुन्हा उघडून बघितलं. दोन्ही ओळी जागेवर होत्या.

"मशीन बिघडलं नव्हतं," ती म्हणाली.

सर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

"बाबा, तुम्हाला येतं का हो हे?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारलं.

आजवर या प्रश्नाला 'पुढचं पुढच्या तासाला' असं उत्तर होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"नाही," सर म्हणाले.

"मग जरा बाजूला उभे राहा," मुलगी म्हणाली. "उजेड अडतोय."

सर बाजूला झाले.